वजा केलेली पावलं

माझी मुलगी वेनिंग सुरबाया शहरात राहते आणि मी घरात कुठे चालतेय ते तिला तिथे बसून कळतं. तिच्या फोनवर आमच्या घराचा नकाशा आहे आणि त्यात एक हिरवा ठिपका. मी बाजेवरून उठले की ठिपका उठतो, चुलीपाशी गेले की चुलीपाशी जातो. ठिपका हिरवा आहे तोवर आई बरी आहे. म्हणून ती फोन करत नाही.

पूर्वी करायची. नमाजघरातली सांजेची बांग संपली की फोन वाजायचाच.

“माक, जेवलीस?” आमच्याकडे आईला माक म्हणतात.

“जेवले.”

“काय केलं होतंस?”

“टेंपे.” टेंपे म्हणजे सोयाबीनची वडी. तळायची आणि मिरचीबरोबर खायची.

“आजही टेंपेच?”

“मग एकटीसाठी काय रेडा कापू?”

ती हसायची, मी हसायचे, आणि झालं. त्या बोलण्यात काही होतं असं तेव्हा मलाही वाटत नव्हतं.

वोनोरंदू म्हणजे सावरीचं रान. जावा बेटाच्या पूर्वेकडच्या टेकड्यांत आमचं हे गाव आहे. माथ्यावर साग, पायथ्याला भाताची खाचरं आणि मधल्या उतारावर तेलाच्या विहिरी. विहिरी डच लोकांनी खणल्या. ते गेले, विहिरी राहिल्या. तीन सागवानी खांब वर एकत्र बांधायचे, त्यावरून दोर सोडायचा, दोराच्या टोकाला लांब नळीसारखी बादली. माझा नवरा दिरुन तरुण होता तेव्हा तो दोर माणसं ओढत. सगळे एका रांगेत दोर धरून मागे मागे जात, तोंड विहिरीकडे. बादली वर आली की काळं तेल पिंपात ओतायचं आणि रांग पुन्हा पुढे यायची. नंतर मोडीत निघालेल्या ट्रकची इंजिनं आणून बसवली, पण इंजिन बंद पडलं की पुन्हा माणसं दोर धरून उभी राहायची.

आम्ही बायका भात लावायचो. लावणीही मागे सरकतच होते; पुढे चाललं तर आपलंच रोप आपल्या पायाखाली येतं. म्हणजे ज्या दोन कामांवर गाव जेवत होतं ती दोन्ही उलटं चालून व्हायची. एकदा जेवताना दिरुन म्हणाला होता, “येम, आपल्या गावात सरळ पुढे जातं ते फक्त मयत.” माझं नाव लासियेम. येम म्हणणारा तो एक, आणि दुसरी यू गिनाह.

यू म्हणजे थोरली बहीण. गिनाह माझी कोणी लागत नव्हती, पण जन्मभर मी तिला यू म्हटलं. ओढ्याच्या अलीकडे खडकावर माझं घर, पलीकडे उताराच्या पायाशी तिचं. तिच्या घराच्या वर आमचं एक खाचर, आणि खाचराच्या वर ती विहीर, जिचा दोर दिरुन ओढायचा. यू गिनाह सकाळी खिडकी उघडून ओरडायची, “येम! आहेस की गेलीस?”

“तुला पोचवल्याशिवाय जात नाही!” मी अलीकडून ओरडायचे. मग दोघींचा दिवस सुरू.

दिरुन गेला. तेल त्याच्या आधीच आटलं होतं. विहिरींवरचे खांब वाळवीनं खाल्ले, तरुण पोरं बाताम बेटावरच्या कारखान्यांत गेली, वेनिंग सुरबायाला गेली. मग एके वर्षी कंपनीची माणसं आली. त्यांच्यात बागस नावाचा एक इंजिनियर होता, बांडुंगकडचा. आमची भाषा तो चुकत चुकत बोलायचा, पण म्हाताऱ्यांशी अगदी आदरानं.

बागसनं आम्हाला समजावून सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. विहीर आटली म्हणजे तेल संपलं असं नाही. खालचा खडक भाकरीसारखा जाळीदार असतो. दोरानं, पंपानं निघतं ते निघतं, पण निम्म्याहून जास्त तेल त्या जाळीला चिकटून राहतं. कंपनीनं असे जिवाणू वाढवले होते जे हे चिकटलेलं तेल खातात आणि त्यातून हायड्रोजन वायू सुटतो. जिवाणू विहिरीत सोडायचे, तोंड बंद करायचं, आणि वायू नळीनं बाहेर घ्यायचा. कोळशासारखा भाग खालीच राहतो. धूर नाही, वास नाही. सुरबायाच्या बसगाड्या आता आमच्या वायूवर धावतात.

एकच भीती होती. काही ठिकाणी ते चिकट तेलच खडकातली माती धरून होतं. जिवाणूंनी ते खाल्लं की माती मोकळी होते आणि उतारावर असेल तर हळूहळू खाली सरकू लागते. कोसळायच्या आधी ती पुष्कळ दिवस सरकत असते, आपल्याला कळत नाही एवढंच. म्हणून जमिनीला सतत कान लावून बसणं भाग होतं.

तो कान काचेचा होता. केसाएवढा बारीक काचेचा तंतू त्यांनी विहिरींत सोडला, बांधांखालून नेला, प्रत्येक घराच्या अंगणातून फिरवला. त्याच्या एका टोकातून प्रकाशाचे ठोके सोडतात. वाटेत प्रत्येक जागेवरून थोडा थोडा प्रकाश मागे परततो. जमीन जराशी हलली की तिथला तंतू ताणला जातो आणि परतणारा प्रकाश बदलतो. कुठे हलली, किती हलली, यंत्राला तेवढ्यावरून कळतं. गावानं त्याला कुपिंग नाव दिलं. कुपिंग म्हणजे कानच.

पण कुपिंगला सगळंच ऐकू यायचं. कोंबड्यांचं उकरणं, उखळातलं मुसळ, मोटारसायकल, आणि आमचे पाय. जमिनीचं ऐकायचं तर आमचं त्यातून काढून टाकायला हवं होतं. त्यासाठी प्रत्येकाचं चालणं यंत्राला शिकवायचं ठरलं. नमाजघराच्या अंगणात एक लांब फळी टाकली आणि सगळ्या गावानं एकेक करून तिच्यावरून चालायचं.

यू गिनाह माझ्या पुढे होती.

“सरळ चाला, म्बाह,” बागस म्हणाला. म्हाताऱ्या माणसाला आमच्याकडे म्बाह म्हणतात.

“का रे? मुलगी पाहायला आलायस?”

“नेहमी चालता तशा चाला.”

“नेहमी पाठीवर टोपली असते.”

“मग टोपली घ्या.”

“आणि टोपलीत काय, तुला बसवू?”

सगळं अंगण हसलं. बागसही हसला. टोपली आली, यू गिनाह ठुमकत चालली. मग मी. टाच किती जोरात टेकते, मग चवडा कधी येतो, वजन किती, दोन पावलांत अंतर किती, हे सगळं यंत्रानं घेतलं. माझा डावा पाय थोडा ओढला जातो, तेही.

“म्हणजे आता मी चालले की त्याला कळणार?” मी विचारलं.

“कळणार, आणि ते लगेच बाजूला काढणार. तुमची पावलं वजा केली की जमिनीचा आवाज उरतो.”

“ऐकलंस, येम?” यू गिनाह म्हणाली. “आपल्याला वजा करतायत. नवऱ्यांनी जन्मभर केलं ते कमी पडलं.”

अंगणात तंतू घालू दिल्याबद्दल कंपनीनं गावाला एक भेट दिली. वजा केलेली पावलं नाहीतरी यंत्रात पडूनच होती. ती त्यांनी ठिपक्यांच्या रूपात मुलांच्या फोनवर पाठवायला सुरुवात केली. ज्याची आई त्यालाच दिसणार, दुसऱ्याला नाही.

वेनिंगला किती आनंद झाला होता! “माक, तू आत्ता मोरीत आहेस ना?”

“अगं, मोरीत तरी एकटं सोड.”

“नाही सोडणार. आता मला काळजी नाही.”

खरंच तिला काळजी राहिली नाही. फोन एक दिवसाआड आला, मग शुक्रवारी, मग ईदला. मी फोन केला तर घेई, पण कामात असे. “तू बरी आहेस ते दिसतंय, माक. सकाळी लवकर उठलीस ना आज?” मी काय सांगणार? मी सांगायच्या आधीच तिला सगळं ठाऊक असे. रोज कधीतरी तिच्याकडून एक हिरवं पान यायचं, फोनवरचं चित्र. म्हणजे पाहिलं, ठीक आहे.

एकदा मला ताप आला. दोन दिवस मी बाजेवरच होते. उठायचे ती भिंत धरून. कुपिंगनं ते ओळखलं, वेनिंगला सांगितलं, वेनिंगनं तिथून डॉक्टरांना सांगितलं. दुपारी आभाळातून घरघरत एक लहान उडतं यंत्र आलं आणि अंगणात औषधाची पिशवी ठेवून गेलं. गोळ्या बरोबर होत्या. तापही उतरला. पूर्वी मला ताप आला होता तेव्हा वेनिंग रात्रभर बसमधून उभी आली होती, तिनं भाताची पेज केली होती आणि ती करपवली होती.

पुढच्या लावणीला यू गिनाह आणि मी वरच्या खाचरात उतरलो. पूर्वी या एका खाचराला बायकांची अख्खी रांग असायची. आता आम्ही दोघी, आणि तेही लोकांनी वेड्यात काढलं म्हणून जास्तच हट्टानं. खाली पायथ्याला यंत्रं भात लावतात. वर यंत्र चढत नाही.

रोपांची जुडी हातात, कंबर वाकलेली, एकेक पाऊल मागे. अर्धं खाचर झालं असेल, तोच बांधावर ठेवलेल्या पिशवीत फोन वाजायला लागला. हात चिखलानं भरलेले. वाजून थांबला, पुन्हा वाजला.

“घे बाई,” यू गिनाह म्हणाली. “कोणी मेलं असेल.”

फोन घेतला तर वेनिंग रडत होती. “माक! कुठे आहेस तू? ठिपका गेला! घरात नाहीस, रस्त्यावर नाहीस, कुठेच नाहीस!”

“लावणी करतेय गं.”

“मग ठिपका का गेला?”

“मला काय माहीत? मी आहे इथेच. चिखलात.”

तिला रडू आवरेना. मग हसू आवरेना. मग म्हणाली, “रोपं कुठली? तीच का, लाल तांदळाची?” मी तिला रोपं सांगितली, पाण्याची पातळी सांगितली, यू गिनाहला बेडूक चावल्याचं खोटंच सांगितलं. तिनं तिच्या ऑफिसातल्या बाईची भांडणं सांगितली. ऊन चढलं तरी आम्ही बोलत होतो. तिचा आवाज जरा बसल्यासारखा वाटला. विचारलं, तर महिनाभर खोकला होता म्हणाली. मला हे कोणत्याच ठिपक्यानं सांगितलं नव्हतं.

फोन ठेवला तर यू गिनाहच्या पिशवीत वाजू लागला. बातामहून तिचा तेगुह.  “जिवंत आहे रे मुडद्या,” ती ओरडली, आणि मग बराच वेळ नुसती ऐकत राहिली.

घरी येताना ओढ्यापाशी ती थांबली. “येम,” ती म्हणाली, “फळीवर आपण सरळ चाललो होतो.”

“हो.”

“उलटं कोणी शिकवलंच नाही त्याला.”

खरं होतं. फळीवर चालायला सांगितलं तेव्हा गावात कोणालाही उलटं चालून दाखवायचं सुचलं नव्हतं. आमच्या दृष्टीनं ते चालणं नव्हतंच. ते काम होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी यू गिनाह खिडकीतून ओरडली नाही. पाहते तर अंगणात उलटी चालत होती, हात मागे पसरून, कोंबड्या चुकवत. थोड्याच वेळात तिचा फोन वाजला.

गुपित राहिलं नाही. आठवड्याभरात अख्ख्या गावातली म्हातारी माणसं उलटी चालायला लागली. टपरीवर उलटी, ओढ्यावर उलटी. दोन म्हातारे पाठीला पाठ लागून आपटले आणि तिथेच भांडत बसले, तुला डोळे नाहीत का म्हणून. नमाजघर सांभाळणारे म्बाह हार्जो रागावले. “उद्या देवासमोरही पाठ करून याल!” मग त्यांच्याच खिशातला फोन वाजला, कालिमांतानहून मुलीचा, आणि ते कानाला फोन लावून भिंतीआड गेले.

त्या दिवसांत गावात फोन वाजत. सांजेला एका घरातून दुसऱ्या घरात तोच आवाज, आणि खिडक्यांतून बोलणं. मला वेनिंग रोज विचारायची, काय केलं होतंस? मला सांगायला मजा यावी म्हणून मी टेंपे सोडून दुसरं काही करू लागले होते.

आणि त्या दिवसांतच, आम्ही दोघी वरच्या खाचरात उरलेली लावणी करत असताना, भोंगाही वाजू लागला. कुपिंगनं वरच्या खाचराजवळ काहीतरी सरकतंय असं ऐकलं की विहिरीची झडप आपोआप बंद व्हायची आणि उताराखालच्या घरांसाठी भोंगा व्हायचा. लोक बाहेर पळायचे, काही नसायचं, परत आत. पुन्हा भोंगा. मग लोक पळेनासे झाले.

बागस जीप घेऊन आला. टेकडीच्या वळणावर त्यानं गाडी थांबवली आणि तिथूनच पाहत राहिला. खाली सगळं गाव मागे मागे चाललं होतं. तो दगडावर बसला आणि पोट धरून हसला. मग हसायचा थांबला तो थांबलाच.

संध्याकाळी त्यानं सगळ्यांना नमाजघराच्या ओट्यावर बसवलं. आवाज न चढवता सांगू लागला.

“सरळ चालताना टाच आधी आपटते. उलटं चालताना चवडा आधी टेकतो, वजन हळूहळू येतं, आणि शेवटी टाच जराशी घसरते. दाब, थांबणं, घसरणं. सरकणाऱ्या मातीचा आवाज अगदी असाच असतो. कुपिंगला तुम्ही आणि डोंगर वेगळे कळत नाहीत.”

“मग त्याला चांगला कान लावून द्या,” कोणीतरी म्हणालं.

“कानाचा दोष नाही. त्याला शिकवलं नाही आपण. गल्लीतली पावलं जागेवरून तरी काढता येतात, तिथे उतार नाही. पण वरच्या खाचरातली नाही काढता येत. तिथे खरोखर माती सरकली तर मला वाटेल लावणी चाललीय.” तो माझ्याकडे वळला. “म्बाह, तुम्हाला फळीवर उलटं चालून दाखवावं लागेल. तुम्हाला आणि म्बाह गिनाहना.”

“मी नाही,” यू गिनाह म्हणाली.

“तुमचंच घर उताराखाली आहे, म्बाह.”

“माहीत आहे. मला तिथे लग्न करून आणलंय.” ती उभी राहिली. “तेगुह मला रोज विचारतो, आई कुठे आहेस. वर्षानुवर्षं त्यानं विचारलं नव्हतं. माझ्या डोक्यावर डोंगर पडला तरी चालेल, पण तेवढं विचारणं मी नाही देणार.”

बागस खाली पाहत राहिला.  ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात तेच होतं.

घरी आले आणि वेनिंगला मीच फोन लावला. सगळं सांगितलं. उलटं चालणं मुद्दाम होतं तेही. 

“माक, तू मला सरळ सांगायचंस. मी केला असता फोन.”

“सांगून केलेला नको होता.”

“तू जा फळीवर. मी रोज करीन. ठिपका असला तरी करीन. शप्पथ.”

मला तिच्या शपथेवर विश्वास होता. तिच्या दिवसावर नव्हता. तिचा दिवस कसा असतो ते त्या लावणीपासून मला रोज ऐकू येत होतं.

सकाळी मी नमाजघराकडे निघाले तेव्हा यू गिनाह ओढ्याच्या पलीकडे उभी होती.

“जातेस?”

“तुझं घर आहे त्याच्याखाली, यू.”

“माझ्या नावावर नको ढकलू. मी मागितलेलं नाही.”

“तू गेलीस तर मी सकाळी कोणाला उत्तर देऊ?”

“नाहीच द्यावं लागणार,” ती म्हणाली आणि आत गेली.

फळीवर बागसनं माझ्या पाठीमागे हात धरला, पडले तर सावरायला. मी एकेक पाऊल मागे टाकलं. हातात रोपं नव्हती तरी कंबर आपोआप वाकली. समोर नमाजघराची पायरी दूर दूर जात होती. शेवटाला यंत्र किणकिणलं.

“झालं, म्बाह,” बागस म्हणाला. “आता तुम्ही कशाही चाला, तुम्ही तुम्हीच.”

वेनिंगनं शब्द पाळला. रोज फोन केला, मग एक दिवसाआड, मग हिरवं पान. मी तिला दोष देत नाही. यू गिनाहची खिडकी मात्र उघडायची आणि आवाज यायचा नाही. तिचा फोन वाजायचा तो मला ओढ्याच्या अलीकडून ऐकू यायचा. वाजला की ती मुद्दाम मोठ्यानं बोलायची.

पुढच्या लावणीला मी खाचरात एकटी उतरले. यू आली नाही. चिखल तोच, रोपं तीच, पण शेजारी कोणी नसलं की ओळ वाकडी जाते; मला पहिल्यांदाच कळलं की मी सरळ लावायचे ती तिच्याकडे बघून.

ऊन डोक्यावर यायचं होतं. भोंगा झाला. मी मान वर केली. माझ्यामुळे होणं शक्य नव्हतं, मला तर कुपिंग ओळखत होतं. एवढ्यात पिशवीतला फोन वाजला. बागस.

“म्बाह, खाचरात तुमच्याबरोबर कोणी आहे?”

“नाही रे. एकटी आहे.”

“तुमची पावलं वजा केली मी. तरी पावलं उरतायत.” त्याचा श्वास ऐकू येत होता. “म्बाह, बाहेर पडा. बाजूनं पडा, खाली नको. मी निघालोय, पण मला वेळ लागेल.”

मी बाजूनं निघाले आणि खालीच गेले.

यू गिनाह ओसरीवर मिरच्या निवडत होती. भोंगा डोक्यावर कोकलत होता आणि ती मिरच्यांचे देठ खुडत होती.

“यू, ऊठ! डोंगर येतोय!”

“गेल्या वर्षीपासून येतोय तो.”

“या वेळी खरा आहे.”

“जा गं. तूच चालली असशील उलटी वर.”

“यू, माझ्याकडे बघ,” मी म्हटलं. “मी तुझ्यासमोर उभी आहे. मग वर कोण चालतंय?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं. मग वर, खाचराकडे. तिच्या हातातली मिरची खाली पडली.

आम्ही एकमेकींना धरून ओढा ओलांडला. पाण्याला नेहमीपेक्षा जास्त गढूळपणा होता. माझ्या अंगणात पोचलो आणि वळून पाहिलं. आवाज मोठा झाला नाही. दिरुनची विहीर, तिच्याखाली माझं हिरवं खाचर, सगळं जागच्या जागी उभं राहून खाली यायला लागलं, कोणी दोर धरून ओढत न्यावं तसं. माझी वाकडी ओळ तशीच होती, फक्त खाली सरकत होती. मग यूचं छप्पर दिसेनासं झालं.

“मिरच्या,” ती म्हणाली. तेवढंच.

तेगुह बातामहून स्वतः आला. ओसरी होती तिथल्या मातीत गुडघ्यावर बसून रडला. आईला घेऊन जातो म्हणाला, आणि तिनं नाही म्हटलं नाही. म्हणायला घर नव्हतं. मी म्हटलं, माझ्याकडे राहा. “तुझं टेंपे खाऊन?” ती म्हणाली, पण डोळे पुसत म्हणाली. मुलगा आला होता. तिला जायचं होतं. मला दिसत होतं.

गाडीपर्यंतची वाट ती उलटी चालत गेली, तोंड माझ्याकडे. तेगुह म्हणाला, आई, पडशील. ती म्हणाली, मला शिकवू नकोस, मी यातच म्हातारी झाले. वळणापाशी गाडीला तिची पाठ टेकली तेव्हा थांबली.

आता मी एकटी आहे. कुपिंग ऐकतं. पलीकडच्या काठावर माती आहे आणि तिच्यावर गवत उगवायला लागलंय. बातामला यू सोळाव्या मजल्यावर राहते. तिथे जमीनच नाही, तंतू कुठे घालणार? आणि असला तरी ठिपका तेगुहला दिसेल, मला नाही. मी तिची कोणी लागत नाही. ती उठली का, तिला चालवतं का, जेवली का, मला काही कळत नाही.

म्हणून सकाळी खिडकी उघडली की मी तिला फोन लावते. “यू, आहेस की गेलीस?” ती उत्तर देते. कधी लगेच, कधी शिव्या देऊन.

आज लावला तर नुसता वाजत राहिला. ठेवला, चहा केला, पुन्हा लावला. वाजतोय. फोन कानाला धरून मी अंगणात चालू लागले, आणि बऱ्याच वेळानं लक्षात आलं की उलटी चालतेय. मध्येच फोन किणकिणला. वेनिंगचं हिरवं पान. आई अंगणात चालतेय, ठीक आहे.

मी पान बाजूला केलं आणि पुन्हा यूचा नंबर लावला.